तळटीप : सिटिंग बुल

सिटिंग बुल, लाकोटा भाषेत तातांका इयोताके म्हणजे ‘बसलेला नर बायसन’, हे लाकोटा या अमेरिकेतील मूळनिवासी लोकांच्या हंकपापा शाखेचे नेते. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६८च्या फोर्ट लॅरमी करारावर त्यांनी सही केली नव्हती, त्यामुळे करार मोडल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवता येत नाही. उलट त्याच कराराने लाकोटांच्या हक्काचा मानलेल्या ब्लॅक हिल्स या पवित्र डोंगराळ भागात १८७४ साली सोने सापडताच दिलेला शब्द अमेरिकी सरकारनेच फिरवला. ३१ जानेवारी १८७६पर्यंत राखीव प्रदेशात, म्हणजे सरकारने आखून दिलेल्या हद्दीत, हजर होण्याचा हुकूम त्यांनी धुडकावला आणि २५ जूनला लिटल बिगहॉर्न नदीकाठी त्यांच्या लोकांवर चालून आलेली अमेरिकी सेनाधिकारी कस्टर याची तुकडी गारद झाली. पुढे कॅनडात आश्रय घेतलेल्या सिटिंग बुल आणि त्यांच्या लोकांचे जगणे ज्या बायसनांवर अवलंबून होते ते कळपच विरळ झाल्याने, १८८१च्या जुलैत फोर्ट ब्युफर्ड येथे त्यांना शरण यावे लागले. त्या वेळी बंदूक त्यांनी स्वतः न देता क्रो फूट या आपल्या लहान मुलाच्या हातून अधिकाऱ्यासमोर ठेवली. याला निव्वळ शरणागती म्हणणे अपुरे आहे, कारण लाकोटांची जमीन तोडून वसाहतवाल्यांना खुली करणाऱ्या १८८९च्या योजनेलाही त्यांनी ठाम विरोध केला. मृतांचे आणि बायसनांचे पुनरागमन घडवील अशी श्रद्धा असलेल्या ‘घोस्ट डान्स’ या नृत्यविधीच्या धास्तीने १५ डिसेंबर १८९० रोजी पहाटे राखीव प्रदेशातील लाकोटा पोलिसांना त्यांच्या अटकेसाठी धाडण्यात आले; तेव्हा झालेल्या झटापटीत ते मारले गेले आणि क्रो फूटही.