मुंबई मेट्रोची पूर्वज : ट्राम

नंदुरबारच्या महाविद्यालयात मराठी साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मुंबई आधी पुस्तकात भेटते, आणि ती बहुधा लोकलच्या डब्यातून पाहिलेली असते. त्यामुळे मेट्रो म्हणजे लोकलचीच वातानुकूलित धाकटी बहीण, असा समज सहज होतो. माझ्या मते मुंबईच्या मेट्रोची खरी पूर्वज लोकल नसून ट्राम आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे गाडी धावली. दुसरा लोहमार्ग पुढे पश्चिम किनाऱ्याने आला. बेटाच्या चिंचोळ्या आकारामुळे दोन्ही मार्ग दक्षिणोत्तर गेले. पण त्यांच्या मधोमध गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर असे जे दाट वस्तीचे शहर होते, त्याच्या पोटात रेल्वे शिरलीच नाही. चर्नी रोड समुद्राच्या अंगाला राहिले, मशीद गोदीच्या. आतल्या शहराला रूळ दिले ते १८७४ साली घोड्यांच्या ट्रामने. तिच्या पहिल्या मार्गांपैकी एक बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला जात असे. १९०७ मध्ये ट्राम विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली.

कोलकात्यात १९८४ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, दिल्लीत २००२ साली मेट्रो. मुंबईला मात्र ८ जून २०१४ पर्यंत थांबावे लागले. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मार्गिका जेमतेम ११.४ किलोमीटरची, पण तिने रुळांना आडवे जाण्याचे धाडस केले. त्याआधी अंधेरीहून घाटकोपरला लोकलने जायचे तर दादरचा वळसा अटळ होता.

साहित्याच्या अभ्यासकाला अधिक अस्वस्थ करते ती कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा पहिला टप्पा आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अखेरचा टप्पा खुला झाला. काळबादेवी आणि गिरगाव या भागांच्या पोटात रूळ पुन्हा आले, तेही एकसष्ट वर्षांनी. स्थानकांची नावे वाचताना मराठी वाङ्मयेतिहासाची अनुक्रमणिका चाळल्यासारखे वाटते : आचार्य अत्रे चौक, हुतात्मा चौक, जगन्नाथ शंकरशेट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीत पुढाकार घेणारे नाना गिरगावात राहत, हा योग (नामकरण करणाऱ्यांच्या मनात असो वा नसो) मोठा आहे.

मात्र नावे आली तशी माणसे हलली. गिरगाव-काळबादेवीत स्थानकांसाठी जुन्या चाळी पाडाव्या लागल्या. रहिवाशांना त्याच परिसरात पुनर्वसनाचे आश्वासन मिळाले. ज्या गॅलऱ्यांनी मराठी कथेला आणि नाटकाला बोलती माणसे पुरवली, त्यांतल्या काही अशा गेल्या. दुसऱ्या टोकाला आरे येथे कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली तेव्हा बहुतेक झाडे पडलेली होती. त्या जागेवरच्या वारली पाड्यातील कुटुंबांनाही उठावे लागले. सरदार सरोवरामुळे ज्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांतील तेहतीस गावे बाधित झाली, तिथल्या वाचकाला हा भाग समजावून सांगण्याची गरज नाही. चाळीच्या आठवणी लिहिणारे मराठीत पुष्कळ आहेत. पाड्याच्या आठवणींना अजून इतके लेखक मिळालेले नाहीत.