औषध आणि शुश्रूषा : विदर्भातील अपंगसेवेचा मागोवा



घरातला कर्ता माणूस कायमचा अंथरुणाला खिळला, की त्या घरापुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. त्याच्या औषधपाण्याचे काय करायचे, हा पहिला. आणि त्याला उठवायचे, बसवायचे, न्हाऊ घालायचे, शौचाला न्यायचे कोणी, हा दुसरा. पहिला प्रश्न चारचौघांत बोलता येतो. दुसरा घरातल्या बाईच्या वाट्याला न सांगता जातो आणि तेथेच मुरतो. सरकारच्या वहीतही पहिल्याला रकाना आहे, दुसऱ्याला फार उशिरा मिळाला, आणि तो अजून बहुतांशी कोराच आहे. या दोहोंची ताटातूट कशी झाली, ते आज आम्हांला सांगावयाचे आहे.

आमच्या विवेचनाचा रोख गोंदिया जिल्ह्याकडे आहे. परंतु हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. तेव्हा त्याचा पूर्वेतिहास शोधायचा तर भंडारा, नागपूर, वर्धा असे करीत सबंध विदर्भभर हिंडावे लागते. हे हिंडणे वाया जात नाही. औषध आणि शुश्रूषा एका छपराखाली आणण्याचे मोठे प्रयोग या शतकभरात विदर्भातच झाले, आणि ते बहुशः कुष्ठरोग्यांसाठी झाले. कुष्ठरोगी हा आपल्या समाजातला आद्य अपंग म्हटला तरी चालेल. बोटे झडलेली, पाय बधिर, दृष्टी अधू. आणि वर गावाने टाकलेला.

या माणसाविषयी इंग्रज सरकारने पहिला मोठा विचार केला तो १८९८ च्या लेपर्स अ‍ॅक्टमध्ये. कायदा जेथे लागू केला जाई तेथे निर्धन कुष्ठरोग्याला पोलिसाने वॉरंटाशिवाय धरावे व आश्रयगृहात टाकावे, त्याने विक्रीचे अन्न शिजवू नये, सार्वजनिक विहिरीवर जाऊ नये, भाड्याची गाडी हाकू नये, अशी त्यातली कलमे. रोग्याला काय हवे यापेक्षा इतरांच्या डोळ्यांना काय नको, याचाच हा कायदा होता असे आम्ही म्हणतो. तो केंद्राने रद्द केला २०१६ साली! स्वराज्य आल्यावरही जवळजवळ सहा तपे... नव्हे, पुरती ६९ वर्षे तो पुस्तकात पडून होता.

कायद्याने जे केले नाही ते १९३६ साली वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने हाती घेतले. पुढे सेवाग्रामला परचुरेशास्त्री आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, आणि कुष्ठाने पोखरलेले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले व स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. ही हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे आणि बहुतेक वेळा करुणेचा दाखला म्हणून ऐकली आहे. आमच्या मते तिच्यात निराळाच अर्थ आहे. त्या काळी या रोगावर औषध म्हणून होते ते कडुकवठीच्या जातीचे तेल, म्हणजे चालमोगरा. आणि त्याचा गुण फारसा भरवशाचा नव्हता. जखम धुणे, तेल लावणे, पट्टी बदलणे, वेळेवर जेवू घालणे हाच उपचार होता. शुश्रूषा ही औषधाची मोलकरीण नव्हती. औषधच दुबळे असल्यामुळे शुश्रूषेला तिचे खरे स्थान मिळाले होते.

१९४६ मध्ये अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी काम उभे केले, तेच पुढे तपोवन म्हणून प्रसिद्ध झाले. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली, आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन सुरू झाले. तोवर डॅप्सोन हे गुणकारी औषध हाताशी आले होते. तरीही येथे दवाखाना एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला असे झाले नाही. विहीर, शेत, स्वयंपाकघर, विणकाम, मलमपट्टी आणि पुढे अंध, मूकबधिर व इतर अपंगांचे शिक्षण, हे सारे एका वसाहतीत आले. ज्याला बोटे आहेत त्याने बोटे नसलेल्याचे काम करावे, हा तेथला व्यवहार. विम्याच्या भाषेत सांगायचे तर हप्ता श्रमाचा आणि परतावाही श्रमाचा.

मात्र या व्यवस्थेची किंमत होती, आणि आश्रमांवर लिहिणारे ती सहसा सांगत नाहीत. शुश्रूषा हवी तर गाव सोडावे लागे. सालेकशाच्या किंवा देवरीच्या जंगलपट्टीतल्या माणसाला वरोरा म्हणजे परदेशच. तेथे त्याला माणसे मिळत, पण त्याची माणसे मागे राहत.

ही उणीव पहिल्यांदा ओळखली ती वर्ध्यातच. गांधी स्मारक निधीतून कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले आणि डॉ. वर्देकरांच्या मार्गदर्शनाखाली १९५१-५२ पासून नवी पद्धत रूढ झाली : रोग्याला आश्रमात आणू नका, कार्यकर्त्यालाच गावोगाव पाठवा, घरोघर पाहणी करा, लोकांना समजावा, औषध दारात द्या. १९५५ च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच रीत उचलली. १९८० नंतर बहुविध औषधांची योजना आली; ती देशात प्रथम राबविण्यात आली त्या जिल्ह्यांत वर्धा होता. २००५ च्या अखेरीस दहा हजारांत एकाहून कमी रोगी, या राष्ट्रीय कसोटीला देश उतरला. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात रोगाने त्यानंतरही तळ हलविलेला नाही, हे खरे. तथापि हा पराक्रम सामान्य नव्हे.

पण औषध गावात गेले तेव्हा शुश्रूषा त्याच्याबरोबर गेली नाही. आमच्या मते या इतिहासाचा सांधा येथे निखळला. गोळ्यांचा क्रम पुरा झाला की रोगी रोगमुक्त ठरतो आणि त्याचे नाव वहीतून निघते. जंतू मेले, मज्जा मात्र परत येत नाही. बधिर पाऊल रोज पाण्यात भिजवावे, कवच आलेली कातडी घासावी, तेल लावावे, काटा-खडा रुतला का ते डोळ्यांनी पाहावे, मऊ रबरी तळव्याची चप्पल झिजली की बदलावी. हे जन्मभर, रोज. ज्याच्या बोटांचे आकडे झाले आहेत आणि डोळा मिटत नाही, त्याचे पाऊल कोणी पाहायचे? आश्रमात शेजारचा पाहत होता. गावात तो प्रश्न पुन्हा घरातल्या बाईकडे आला. आणि ती आषाढात धानाच्या रोवणीला गेलेली असते.

रोवणीचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. गोंदिया हा धानाचा जिल्हा. पाऊस लागला की दहा-वीस दिवसांत परे उपटून बांधीत लावावे लागतात, आणि ज्याला कमरेत वाकता येते तो प्रत्येक माणूस चिखलात असतो. वर्षाच्या मजुरीचा मोठा भाग याच दिवसांत हाती येतो. घरी पडलेल्या माणसाजवळ कोणी थांबले तर ती मजुरी बुडते. कोणी थांबले नाही तर तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओल्यात पडून राहतो व त्याच्या पाठीला जखमा होतात. मग त्या जखमांसाठी रुग्णालय, आणि त्या रुग्णालयाचा खर्च मात्र कोणत्या ना कोणत्या योजनेत बसतो. हा हिशेब आम्हांला नेहमी विचित्र वाटत आला आहे.

कुष्ठरोगाहून उलटी कथा सिकलसेलची. या रोगाला कधी आश्रम लाभला नाही, कारण तो दिसत नाही. शिकागोत १९१० साली त्याचे पहिले वर्णन छापले गेले, भारतात निलगिरीच्या आदिवासींत तो १९५२ मध्ये आढळला, आणि १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी या वैद्यांनी मध्य भारतातील आढळ ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे पूर्व विदर्भातल्या दलित व आदिवासी घरांत पिढ्यान्‌पिढ्या जे दुखणे ‘हाडे फुटतात’ म्हणून सोसले जात होते, त्याला नाव मिळायला स्वराज्यानंतरची अकरा वर्षे जावी लागली. रोगी बालपणातून वाचला की तरुणपणी खुब्याचे हाड रक्ताअभावी मरते, कधी मेंदूला झटका येतो, आणि कळा आल्या की पाण्याचा पेलाही उचलवत नाही. येथे अपंगत्व ये-जा करते. सोमवारी चालणारा माणूस गुरुवारी उचलून न्यावा लागतो. महाराष्ट्रात तपासणीचा कार्यक्रम २००८ च्या सुमारास सुरू झाला, २०१६ मध्ये गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रक्त, गोळी, तपासणी जवळ आली याचे आम्हांला मनापासून समाधान आहे. उचलून नेणारा मात्र योजनेत नाही.

आता विम्याकडे वळू. ही ताटातूट आपणच केली असे नव्हे. इंग्लंडात ५ जुलै १९४८ या एकाच दिवशी दोन कायदे अमलात आले. एकाने रुग्णसेवा सर्वांना विनामूल्य केली. दुसऱ्याने अपंगांची देखभाल स्थानिक मंडळांकडे सोपविली व तीत ऐपत पाहण्याची वाट मोकळी ठेवली. डॉक्टर फुकट, आंघोळ घालणारा सशुल्क! त्या देशात हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे त्याच वर्षी कामगार राज्य विमा कायदा झाला, १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीत सुरू झाला आणि १९५४ मध्ये नागपूरच्या गिरणी कामगारापर्यंत पोचला. बांधीतल्या शेतमजुरापर्यंत तो कधीच आला नाही.

शेतकऱ्याला विमा देण्याची एक अस्सल देशी कल्पना निघाली ती पुन्हा सेवाग्रामलाच. तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९६९ चे. त्याच्या रुग्णालयाने १९८० च्या आगेमागे खेड्यांतून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेतली, ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. अचानक आलेल्या आजाराला उपचार मोफत, दीर्घकाळच्या दुखण्याला सवलत. कल्पना इतकी सुरेख की तिच्यात दोष काढणे जिवावर येते. तरी एवढे नोंदलेच पाहिजे, की तेथेही रेंगाळणारे दुखणे दुसऱ्या पंक्तीला बसले.

पुढचा क्रम आपल्या परिचयाचा आहे. १९८० ची संजय गांधी निराधार अनुदान योजना रोख रक्कम देते. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा शिक्षण व नोकरीवर भर देतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली २००८ मध्ये निरामय विमा आला. मतिमंदत्व, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता व बहुविकलांगता असणाऱ्यांना वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व प्रवासखर्चही धरलेला. आमच्या वाचनात आलेल्या सरकारी विम्यांत अपंगाच्या रोजच्या जगण्याजवळ सर्वांत आलेला विमा हाच. २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत निघाली. विदर्भातून अमरावती आणि गडचिरोली त्यांत होते, गोंदियाला पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत थांबावे लागले. २०१८ ची केंद्रीय योजना आली तेव्हा ग्रामीण लाभार्थी ठरविण्याच्या कसोट्यांत एक अशी होती : घरात अपंग माणूस आहे आणि धडधाकट प्रौढ कोणीही नाही. म्हणजे सरकारला ठाऊक होते, की असे घर असते. त्या घराला रुग्णालयाचे कार्ड मिळाले. पण तेथवर त्याला नेणार कोण, जेव्हा कसोटीप्रमाणेच घरात धडधाकट कोणी नाही?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मात्र दोन्ही प्रश्न एका पानावर आणले. कुष्ठमुक्त व सिकलसेलग्रस्त यांना त्याने अपंगांत गणले. चोविसाव्या कलमात, अन्य विमा नसलेल्यांसाठी सर्वंकष विमा आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता, असे दोन्ही शेजारी शेजारी आहेत. अपंगाचा दिव्यांग याच सुमारास झाला. नाव बदलायला खर्च येत नाही. त्याच कलमाच्या आरंभी शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत असे शब्द आहेत, आणि त्यांचे वजन पुढच्या सर्व शब्दांहून भारी ठरले.

कुवतीचा हा मुद्दा आम्ही पुरता मान्य करीत नाही. शंभर टक्के अपंग झालेल्या सैनिकाला निवृत्तिवेतनाबरोबर परिचराचा भत्ता देण्याची तरतूद सैन्याच्या नियमांत आहे. पुण्याजवळ खडकीला १९७४ मध्ये कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले. तेथे उपचार, निवास, मदतनीस आणि काम एकत्र आहे. तेव्हा उचलणाऱ्या हाताचे मोल किती आणि ते कसे द्यावे, हे शासनाला नीट कळते. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये शुश्रूषेचा स्वतंत्र विमाच उघडला. पण ते श्रीमंत देश, म्हणून त्यांचा दाखला आम्ही ताणत नाही. केरळचा ताणतो. कोझिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी व स्वयंसेवकांनी वेदनाशमनाचे काम आरंभिले, ते शेजाऱ्या-पाजाऱ्यांच्या गटांतून पसरले, आणि २००८ मध्ये राज्याने त्याला धोरणाचे रूप दिले. आता पंचायतीची परिचारिका अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जाते, नळी बदलते, जखम धुते, घरच्यांना अंग कसे पालटायचे ते दाखविते. आश्वासकिरणम् नावाच्या योजनेतून घरातल्या शुश्रूषा करणारीला महिना सहाशे रुपये ठरविले गेले. रक्कम थोडी, आणि तीही वेळेवर मिळत नाही अशी तक्रार आहे. पण ती बाईच्या नावाने निघते.

गोंदियात आशा कार्यकर्ती आहे. ती कुष्ठाची गोळी देते, सिकलसेलची तपासणी करविते, बाळंतिणीला पाहते. धानाच्या पुंजण्यावरून पडून कण्याला मार बसलेला तीस वर्षांचा मजूर नागपूरहून शस्त्रक्रिया करून घरी येतो, तेव्हा त्याला दर दोन तासांनी कूस पालटवून देणे व लघवीची नळी स्वच्छ ठेवणे हे तिच्या कामाच्या यादीत नाही, आणि कोणाच्याच यादीत नाही. त्याच्या शस्त्रक्रियेचे बिल योजनेने भरले आहे. त्याची आई साठीला आली आहे, आणि रोवणी पंधरा दिवसांवर आहे.