सुप्यात कागद का जळाले?

१२ मे १८७५. आपल्या सुप्यात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं घेरली. मागणी एकच, कागद काढा! कर्जरोखे, गहाणखतं बाहेर आणून पेटवली. तेव्हा आपला भाग भिमथडी तालुक्यात होता. हे लोण इंदापूर, पुरंदर, शिरूर आणि पुढे नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. हेच ते 'दख्खनचे दंगे'. शाळेत आपण दोन ओळींत वाचून सोडून दिले.

परवा ते परत आठवले. इंदापूर रस्त्याला प्लॉट घेतलेला, कारखान्यात नोकरी करणारा एक ओळखीचा फाईल घेऊन आला. 'एनए आहे, बोजा नाही' असं सांगून साठेखत केलेलं. निघाली शेतजमीन, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचं कर्ज. मी विचारलं, "अरे, सही करण्याआधी सातबारा काढला होता का?" म्हणाला, "भाऊ, त्यांनी झेरॉक्स दाखवली होती."

दीडशे वर्षांपूर्वी नेमकं हेच दुखणं होतं. तोंडी एक सांगायचं, कागदावर दुसरंच लिहायचं. हातात रक्कम कमी, रोख्यावर आकडा मोठा. वाचता येत नाही, अंगठा मात्र उठलेला.

गंमत म्हणजे कायदा तेव्हाही होता. करार कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला होता. कलम १७ मध्ये कपट, १८ मध्ये खोटी माहिती, आणि १९ नुसार फसलेल्याला करार रद्द करून घेण्याचा हक्क. पण कोर्टात जाणार कोण? सावकार एकतर्फी हुकूमनामे मिळवायचे.

कागद जळाल्यावर सरकार हललं. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. आता न्यायाधीशाने कागदाच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासून हिशेब तपासायचा. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर करायचा. मग सावकार गहाणाऐवजी थेट खरेदीखतच लिहून घ्यायला लागले. त्यावरही पुढे तोड निघाली: नावाला खरेदी, प्रत्यक्षात गहाण, हे शेतकऱ्याला सिद्ध करता येऊ लागलं.

तो कायदा कधीच गेला. १८७२ चा करार कायदा मात्र अजून चालू आहे, आणि त्यात एक मेख आहे. इंग्लंडमध्ये १८८१ च्या रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड खटल्यात कोर्टाने म्हटलं, खोटं सांगणाऱ्याला 'तू कागद तपासायला हवे होतेस' असं म्हणून सुटता येणार नाही. आपलं कलम १९ इतकं उदार नाही. साधी काळजी घेऊन खरं कळलं असतं, तर नुसत्या चुकीच्या माहितीवरून किंवा कपटाने गप्प राहिल्यावरून करार रद्द होत नाही. जाणूनबुजून खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. म्हणून झेरॉक्सवर भागत नाही. ताजा सातबारा, फेरफार आणि वकिलाचा शोध अहवाल घ्याच.

फसलातच तर काय?

करार रद्द करून पैसे परत मागता येतात. किंवा करार कायम ठेवून 'सांगितलं तसं करून दे' असा आग्रह धरता येतो. नुकसानभरपाईही मागता येते. खरेदीखत नोंदलं गेलं असेल तर ते दिवाणी कोर्टातूनच रद्द करून घ्यावं लागतं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठं आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचं प्लॉटिंग असेल तर रेरा आहे. खोट्या जाहिरातीला भुलून पैसे भरलेल्याला कलम १२ नुसार ते व्याजासह परत मिळू शकतात.

पण घड्याळ चालू असतं. करार किंवा दस्त रद्द करण्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षं, खरं कळल्यापासून.

आमच्या गड्याला बोजा कळून दोन वर्षं झालीत. 'ते देतो म्हणालेत' म्हणून थांबलाय. सोमवारी त्याला वकिलाकडे घेऊन जातोय. तुमच्याही घरात अशी एखादी फाईल पडली असेल तर तिच्यावरची तारीख आजच बघा. सुप्याच्या लोकांना कागद जाळावे लागले, आपण निदान वाचू तरी.