हिंगोलीच्या छावणीतील ठग

निबिड अरण्यात, वस्तीपासून कोसच्या कोस दूर, एकटे पडलेले मन हळूहळू स्वतःसच भिऊ लागते, हे ओळखूनच भयकथेचे लेखक आपल्या नायकास आधी रानात नेऊन सोडतात. हिंगोलीचा इतिहास मात्र असा की, तेथे रानापेक्षा बाजारच अधिक भयंकर ठरला.

१८३० च्या सुमारास निजामाच्या मुलखात कयाधूकाठी पलटणींची छावणी होती, आणि तिच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता, ज्याच्याशी निजामाच्या चाकरीतील फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याचाही नेहमीचा व्यवहार असे. जवळच्याच गावचा एक सावकार मुंबईहून कापड घेऊन निघाला आहे अशी खबर लागताच या हरीसिंगाने, जो वस्तुतः ठगच होता, तेवढ्या कापडाचा परवाना मुलकी अंमलदार कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडून रीतसर मिळविला, वाटेत त्या सावकारास नोकरचाकरांसह ठार केले आणि तोच माल छावणीत उघड उघड विकला. पुढे पकडला गेल्यावर, एखादी थट्टा सांगावी तशी ही हकिकत त्याने स्वतःच सांगितली. मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली जात आणि पहाऱ्यापासून जेमतेम पाचशे यार्डांवर, एका कोरड्या ओहोळात, पुरली जात. माफीचे साक्षीदार एकेक जागा शांतपणे दाखवीत गेले. अखेर किळस येऊन अधिकाऱ्यांनीच खोदकाम थांबविले.

वाटसरू एकांतास भीत असे, हेच ठगांचे भांडवल होते. गोड बोलणारी, सभ्य पोशाखाची मंडळी वाटेत भेटत, दिवसचे दिवस सोबत करीत, आणि वाटसरू निर्धास्त झाला की मुक्कामावर रुमाल गळ्याभोवती पडे.

टेलरने १८३९ मध्ये लंडनास प्रसिद्ध केलेल्या ठगाच्या कबुलीजबाबाच्या कादंबरीत अमीर अली अशा हत्या निर्विकारपणे सांगतो. माझ्या मते तिचे खरे भय रक्तपातात नसून त्या सांगण्यात आहे. साहेबांनी ठगीचे स्तोम माजविले, फाशी टाळू पाहणाऱ्यांच्या जबान्यांवर फाजील भरवसा ठेवला, हा आजच्या संशोधकांचा आक्षेप रास्तच आहे. पण हिंगोलीची गोष्ट साहेबाच्या शहाणपणाची मुळीच नव्हे: हरीसिंगास परवाना देणारे रेनॉल्ड्स हेच पुढे ठगीविरोधी मोहिमेचे एक प्रमुख अधिकारी झाले.