आत्याची पिन

आमच्या घराण्यात बोलणारी माणसं पुष्कळ झाली. ऐकून घेणारं माणूस एकच झालं, ती आमची आत्या. आणि तिला त्याचा पगार मिळत होता. जिल्ह्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. डोक्यावर हेडफोन आणि हातात पितळी टोकाची पिन अशा थाटात तिने बोर्डावर तीस वर्षं काढली. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, कुणाच्या मामेसासऱ्यांनी डोळे मिटले, हे गावात सर्वांत आधी तिला कळे. पण घरी येऊन तिने कधी अवाक्षर काढलं नाही. आमच्या घरात हा चमत्कारच म्हणायचा.

१९८६ साली आत्या रिटायर झाली, तेव्हा दादाने नव्या टेपरेकॉर्डरवर तिच्या आठवणींची कॅसेट भरली. शेवटी आत्या खाकरते, काहीतरी पुटपुटते आणि खट्‌कन कॅसेट संपते. या पुटपुटण्याने आमच्या घरात जे रामायण घडवलं ते विचारू नका. दादाच्या मते आत्या म्हणाली, “तिन्हीसांज झाली.” वहिनी त्या वेळी नवी नवरी. तिला ऐकू आलं, “दीनवाणी झाली.” ते आपल्यालाच उद्देशून होतं, असं तिने मनाशी धरलं. पुढे आत्या गेली. कॅसेट राहिली, आणि वहिनीच्या मनातली अढीही राहिली.

गेल्या दिवाळीत पुतण्याने ती कॅसेट माझ्या फोनमध्ये उतरवून दिली. अमेरिकेला परत जाताना आपला भारी हेडफोनही ठेवून गेला. म्हणाला, “काका, यावर ऐका. मुंगी चालली तरी कळेल.” मी लगेच ऐकायला बसलो. हेडफोनची पिन होती पाव इंच जाड, आणि फोनला तसलं भोकच नव्हतं! सगळा फोन उलटापालटा करून पाहिला. मुलगा म्हणाला, “बाबा, डोंगल घ्या.” या वयात घ्यायच्या गोष्टींची माझी यादी गुळवेल आणि मणक्याचा पट्टा इथपर्यंत आली होती. तीत डोंगल नव्हता.

पण ती पिन हातात घेतली आणि चमकलो. ही तर आत्याची पिन! तीच जाडी, तेच निमुळतं टोक. मग कामधाम सोडून तिची वंशावळ काढली.

२८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेत न्यू हेवन गावी पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. वर्गणीदार अवघे २१. बोर्ड बनवला होता बग्गीचे बोल्ट आणि बायकांच्या झग्याखालची तार वापरून. सरकारी खात्याने एवढ्यात साधं टेंडरही काढलं नसतं. त्याच सुमारास चार्ल्स स्क्रिब्नर नावाच्या इंजिनियरने एक खटका बनवला. तो दिसायला खिशातल्या घडीच्या चाकूसारखा, म्हणजे जॅकनाइफसारखा, म्हणून त्या भोकाचं नाव पडलं जॅक. बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ ला, मुंबईतही एक्स्चेंज आलं.

हेडफोनची कथा याहून घरगुती. १९१० साली नेथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने अमेरिकेतल्या युटामध्ये स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवले आणि चक्क आरमाराला विकले. आमच्या स्वयंपाकघरात मी चहा करायला गेलो तरी आरमार बोलवायची वेळ येते. १९५८ मध्ये जॉन कॉसने दोन्ही कानांना वेगळं ऐकवणारा स्टीरिओ हेडफोन काढला. ट्रान्झिस्टर आले तशी पिनही वाळली आणि साडेतीन मिलिमीटरची झाली. १९७९ साली सोनीने वॉकमन आणला, त्याला अशी दोन भोकं होती : एक आपलं, एक सोबत्याचं. एकाच गाण्याला दोन माणसं जोडायची, हे आत्याचंच काम झालं की! मधल्या शंभर वर्षांत राज्यं गेली, आणे-पै गेले, पण कुणाचीही पिन कुणाच्याही भोकात बसायची, हा शब्द पाळला गेला होता.

२०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून ते भोक काढून टाकलं, आणि या कृत्याला ‘धैर्य’ असं नाव दिलं. ते पाहून इतर बऱ्याच कंपन्यांनाही धीर आला. पूर्वी फुकट मिळणारं भोक आता वेगळे पैसे मोजून घ्यायचं, याचंच नाव डोंगल.

पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन मी दीडशे रुपयांचा डोंगल आणला. फोनला लावला. अखंड शांतता! शेजारच्या इंजिनियर पोराने तो पाहिला आणि डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, “आजोबा, यात नुसती तार आहे. तुमचा फोन बाहेर फक्त आकडे पाठवतो. आकड्यांचा आवाज करणारी चिप डोंगलमध्ये लागते.”

दुसऱ्या दुकानात चिपवाले डोंगल मांडलेले होते, आठशेपासून बारा हजारांपर्यंत. दुकानदार म्हणाला, “हा घ्या साहेब, सातशे अडुसष्ट किलोहर्ट्झ.” आता, सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते, आणि तेवढ्यात माणसाला ऐकू येणारं सगळं बसतं. तरुण कानाची धाव २०,००० हर्ट्‌झपर्यंत. माझ्या कानांना कुकरची शिट्टीसुद्धा तिसरी झाल्यावर कळते. त्यापुढचं संगीत वटवाघळांसाठी असावं.

खरा प्रश्न होता जोराचा. गाण्याच्या दुकानात आधी ओहम विचारावे, हे मला इंजिनियर पोराने शिकवलं. साधे इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचे. पुतण्याचा हेडफोन ३०० ओहमचा, म्हणजे पाहुण्यात जावई. साध्या डोंगलचा जोर साधारण १ व्होल्ट. ३२ ओहमला तेवढ्यात ३१ मिलिवॅट पोचतात, ३०० ओहमला जेमतेम ३. व्होल्ट दुप्पट केले की ताकद चौपट, म्हणजे १३. झाला निर्णय. २ व्होल्टवाला डोंगल, किंमत मधली. साधे इअरफोन असते, तर मी आठशेवाला घेऊन निघालो असतो, आणि तुम्हीही तेच करा.

रविवारी दादा-वहिनींना बोलावलं. फोनला डोंगल, डोंगलला जाड पिनेचं बारीक पिनेत रूपांतर करणारा तुकडा, त्याला हेडफोन, अशी आगगाडी जोडली. आधी वहिनीच्या डोक्यावर चढवला. कॅसेटची खरखर होतीच. डोंगल काही गंगास्नान घालत नाही, आहे ते नीट पोचवतो. वहिनी डोळे मिटून ऐकत राहिली. मग खाकरणं आलं असावं, कारण तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. संपलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं, आणि हेडफोन काढून ती कितीतरी वेळ तसाच मांडीवर धरून बसली.

“भावजी,” ती म्हणाली, “आत्याबाई म्हणतात, ‘तीन मिनिटं झाली.’”

ट्रंक कॉलची तीन मिनिटं! तीस वर्षं रोज शेकडो वेळा उच्चारलेलं वाक्य. टेपरेकॉर्डरपुढेही कुणाचं तरी बिल वाढेल या काळजीने ती सवयीने बोलून गेली होती.

“मी पहिल्यापासून सांगत होतो,” दादा म्हणाला, “काहीतरी झाली, असंच ती म्हणते.”

वहिनीने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. डोळे पुसून तिने हेडफोन परत कानावर चढवला आणि मला म्हणाली, “लावा पुन्हा. आत्याबाईंना म्हणावं, कॉल एक्स्टेंड करा.”