एका सिनॅप्सचे शेवटचे तास

आघातापूर्वी 1 तास
उंदराच्या मेंदूत सगळं सुरळीत आहे. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या पहाऱ्यावरच्या रोगप्रतिकारक पेशी, जागच्या हलत नाहीत. त्यांचे बारीक फाटे मात्र सारखे चाचपत असतात. एक फाटा सिनॅप्सला, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडणीला, टेकतो, पाचेक मिनिटं थांबतो आणि निघून जातो. तासाला साधारण एक फेरी. जपानमध्ये ओकाझाकी इथे हिरोआकी वाके, जुनिची नाबेकुरा आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये जिवंत उंदरांत हे टिपलं. चेतापेशी थंडावल्या की फेऱ्याही कमी होतात, हेही त्यांना दिसलं.

शून्य मिनिट
रक्तप्रवाह तुटतो.

माणसाच्या मोठ्या स्ट्रोकमध्ये उपचाराविना जाणारं प्रत्येक मिनिट सुमारे 19 लाख चेतापेशी आणि 1,400 कोटी सिनॅप्स घेऊन जातं, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये मांडला. तोंड वाकडं झालेल्या, हात लुळा पडलेल्या माणसाला ‘जरा पडून राहा, सकाळी बघू’ असं कुणी म्हणू नये. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांची असते.

पहिली काही मिनिटं
पेशीपटलावरचे पंप बंद पडतात, ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन साचतं. चेतापेशींच्या फांद्या सुजून मण्यांच्या माळेसारख्या दिसू लागतात. रक्त लवकर परतलं तर ही सूज बरीचशी उतरते. सिनॅप्स अजून हातचा गेलेला नाही.

रक्त परतल्यावर
फाटा पुन्हा येतो, सिनॅप्सला टेकतो. पाच मिनिटं होतात, तो हलत नाही. दहा, वीस, चाळीस. ही भेट तासाभरापर्यंत लांबते.

तासाभराने
फाटा बाजूला होतो. अनेकदा त्यानंतर संदेश सोडणारं सिनॅप्सचं टोक दिसेनासं होतं.

मायक्रोग्लियाला खुनी ठरवायची घाई मला पटत नाही. डोरोथी शेफर आणि बेथ स्टीव्हन्स यांनी 2012 मध्ये दाखवलं, की पिलाच्या वाढत्या मेंदूत याच पेशी जादा सिनॅप्स गिळतात, आणि तिथे रोगप्रतिकारक यंत्रणेची पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिनं त्यांना वाट दाखवतात. दृष्टीची जोडणी त्या छाटणीतून नेटकी होते.

पुढचे दिवस
स्ट्रोकनंतर मात्र चेतापेशी गिळणं अंगलट येतं. 2013 मधल्या एका प्रयोगात, गिळण्यासाठी लागणारी मर्टीके किंवा एमएफजी-ई8 ही प्रथिनं नसलेल्या उंदरांच्या मेंदूची झीज कमी झाली आणि हालचाली अधिक टिकल्या. गिळल्या जाणाऱ्या चेतापेशींत अशाही होत्या, ज्या जखमी होत्या पण जगू शकल्या असत्या.