विद्यार्थ्यांच्या मनावरील भार आणि वर्ध्याचा अनुभव

मी एक निवृत्त शाळामास्तर आहें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें. विद्यार्थी या नात्यानें विद्यापीठाची पायरी मी कधीं चढलों नाहीं. तेव्हां विद्यापीठांतील तरुणांच्या मनःस्वास्थ्याविषयीं बोलण्याचा मला काय अधिकार, असें कोणी विचारलें तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. माझें उत्तर एवढेंच कीं, विद्यापीठांत जाणारीं मुलें आधीं आमच्या हाताखालून जातात. आणि पुढें ज्या भयानें त्यांचीं मनें पोखरलीं जातात, त्या भयाचें बीं पुष्कळदां आम्हींच पेरलेलें असतें.

वार्षिक निकालाच्या दिवशीं पहिल्या क्रमांकापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत सर्व नांवें मोठ्यानें वाचून दाखविण्याची चाल मीं वर्गांत अनेक वर्षें पाळली. तींत कांहीं गैर आहे असें मला कधीं वाटलें नाहीं. ज्याचें नांव नेहमीं पहिलें वाचलें जाई असा एक मुलगा पुढें मोठ्या शहरांत शिकावयास गेला आणि दुसऱ्या वर्षीं एकाएकीं गांवीं परतला. चार महिने तो घराबाहेर पडला नाहीं. कावीळ झाली आहे, असें घरच्या मंडळींनीं शेजारींपाजारीं सांगितलें. मी भेटावयास गेलों तेव्हां तो खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, दोन विषय राहिले याचें मला एवढें दुःख नाहीं. पण माझें नांव आतां खालीं वाचलें जाईल आणि तें बाबा ऐकतील, या विचारानें मला रात्ररात्र झोंप येत नव्हती." ईश्वरकृपेनें तो मुलगा सावरला आणि आज आपल्या संसारांत सुखी आहे. परंतु त्या दिवशीं मला उमगलें कीं, परीक्षेचें भय परीक्षेच्या दालनांत नसतें; तें दालनांतून घरीं परतण्याच्या वाटेवर असतें. आजच्या भाषणांत मला सांगावयाचें आहे तें हेंच. आणि त्यासाठीं थोडा इतिहास चाळावा लागेल.

हें दुखणें आजकालचें आहे अशी जी समजूत आहे, ती बरोबर नाहीं. मुंबई विद्यापीठ इ. स. १८५७ मध्यें स्थापन झालें आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्यें झाली. त्या परीक्षेस १३२ उमेदवार बसले व अवघे २२ उत्तीर्ण झाले. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठाचा जन्म आणि नापासांचा जन्म हे एकाच घटकेचे होत. १८६२ मध्यें जे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. रानड्यांचे डोळे अतिवाचनानें तरुणपणींच अधू झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढें १८९४ च्या सुमारास त्याच रानड्यांनीं पदवीधरांच्या अकालीं मृत्यूचा प्रश्न जाहीरपणें हातीं घेतला. प्रश्न उघड दिसतच होता. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्यें वयाच्या एकतिसाव्या वर्षीं गेले. कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ मध्यें चौतिसाव्या वर्षीं गेले. आणि आगरकर १८९५ मध्यें चाळिशी गांठण्यापूर्वींच गेले. या मृत्यूंचें खापर एकट्या अभ्यासाच्या माथीं फोडणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि विद्येचें ओझें माणसाला सोसतें किती, हा प्रश्न त्या पिढीस पडला, एवढें खरें. टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष अभ्यासापेक्षां तालमीस व पोहण्यासच अधिक दिलें, तें याच प्रश्नाचें एक उत्तर होय.

पण त्या काळच्या चर्चेंत एक उणीव होती. शरीराच्या झिजेस नांव होतें. मनाच्या झिजेस नव्हतें. क्षय म्हटला कीं वैद्य बोलावीत. उदासीनता म्हटली कीं 'ढोंग' म्हणत. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडे नागपूरच्या मनोरुग्णालयाचें नुसतें नांव घेतलें तरी मुलीचें लग्न मोडेल या भयानें लोक गप्प बसत. ही गप्प बसण्याची संवय अजूनही पुरती गेलेली नाहीं.

आतां वर्ध्याकडे वळूं. परीक्षेच्या वाटेवरून मागें फिरलेला सर्वांत प्रसिद्ध मराठी विद्यार्थी पुढें याच जिल्ह्यांत येऊन राहिला. विनायक नरहर भावे हे बडोद्यास कॉलेजांत शिकत होते. आपलीं प्रमाणपत्रें त्यांनीं घरच्या चुलींत टाकून जाळलीं तेव्हां आईनें पाहिलें व हटकलें. कधीं उपयोगीं पडलीं असतीं, एवढेंच ती माउली म्हणाली. २५ मार्च १९१६ रोजीं इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईच्या गाडींत बसलेला हा विद्यार्थी वाटेंत सुरतेस उतरला आणि काशीस निघून गेला. त्याच वर्षीं जूनमध्यें तो अहमदाबादेस कोचरबच्या आश्रमांत गांधीजींना भेटला. पुढें ८ एप्रिल १९२१ रोजीं गांधीजींच्या आज्ञेनें वर्ध्याचा आश्रम चालविण्यासाठीं विनोबा येथें आले, आणि १९३८ पासून धाम नदीच्या कांठचें पवनार हेंच त्यांचें स्थान झालें.

ही कथा आम्ही शिक्षक मुलांना वैराग्याचें उदाहरण म्हणून सांगत आलों. परंतु तिच्यांतील तीन लहान गोष्टींकडे आमचें लक्ष गेलें नाहीं. पहिली ही कीं, जाणाऱ्यानें वडिलांना पत्र टाकून आपण मुंबईस जात नाहीं हें कळविलें होतें. दुसरी ही कीं, त्या गाडींत तो एकटा नव्हता. सोबतीस मित्र होते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरीं पत्ता नाहीं हें गांधीजींना समजतांच त्यांनीं स्वतः विनोबांच्या वडिलांना पत्र लिहून मुलगा आपल्याजवळ असल्याचें कळविलें. देशाच्या कारभारांत बुडालेल्या त्या पुरुषाला एका अनोळखी मुलाच्या घरची काळजी आधीं सुचली. परीक्षा सोडलेल्या मुलाला जाण्यास एक जागा होती, सोबतीस माणूस होता, आणि घराशीं जोडलेला धागा तुटला नव्हता. हीं तीन नसतीं तर ती कथा कोणत्या वळणावर गेली असती, कोण सांगेल? प्रत्येक मुलगा विनोबा नसतो. पण या तीन गोष्टींची गरज प्रत्येक मुलाला असते.

दुसरा प्रसंग १९३७ चा. त्या वर्षीं २२ व २३ ऑक्टोबर रोजीं वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयांत, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयांत, गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली. काँग्रेसची मंत्रिमंडळें असलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्री तीस आले होते. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, मातृभाषेचें माध्यम, आणि हातानें करावयाच्या उत्पादक कामाभोंवतीं सर्व शिक्षणाची गुंफण, असे ठराव तेथें झाले. मग डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याच डिसेंबरांत अहवाल दिला आणि त्यांत प्रचलित परीक्षापद्धतीवर कडक टीका केली. वर्धा योजना किंवा नयी तालीम म्हणून जग जिला ओळखतें ती हीच.

हातानें सूत काढणाऱ्या मुलाला आपलें काम डोळ्यांपुढें दिसतें. तें दुसऱ्याच्या क्रमांकाशीं ताडून पाहावें लागत नाहीं. मनाच्या आरोग्याच्या दृष्टीनें ही योजना मला फार मोलाची वाटते. पण ती फोफावली नाहीं, आणि याचा दोष केवळ सरकारास देऊन चालणार नाहीं. तुमच्या-आमच्यासारख्या शिकलेल्या घरांनींच तिच्याकडे पाठ फिरविली. चरखा शेतकऱ्याच्या मुलासाठीं आणि प्रमाणपत्र आपल्या मुलासाठीं, अशी वांटणी आपण मनांतल्या मनांत करून टाकली. बाहेर सभेंत नयी तालीमेस टाळ्या दिल्या, आणि घरीं येऊन मुलाचे गुण मोजले.

तिसरा प्रयत्न विद्यापीठीय शिक्षणांतच झाला. गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षीं, १९६९ मध्यें, डॉ. सुशीला नय्यर यांनीं सेवाग्राम येथें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. नव्यानें दाखल झालेल्या विद्यार्थ्यांस आरंभींचे पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमांत ठेवावयाचें, तेथें श्रमदान, सूतकताई व सर्वधर्मप्रार्थना करावयाची, आणि पुढें खेड्यांत शिबिर भरवून प्रत्येकाकडे कांहीं कुटुंबें सोंपवावयाचीं, अशी रीत तेथें पाडली गेली. वैद्यकाचा अभ्यास सेवाग्रामांत सोपा होतो असें नाहीं. प्रेतावरची पहिली चिरफाड आणि पहिली परीक्षा तेथेंही तितकीच अवघड. परंतु पुस्तक उघडण्यापूर्वीं सोबत्यांबरोबर झाडू हातीं घेतलेला मुलगा संकटांत कोणाच्या खोलीचें दार ठोठवावें हें जाणतो. झाडूनें उदासीनतेचा रोग बरा होत नाहीं. पण रोग्याचा एकटेपणा कमी होतो.

आतां वर्तमानाकडे पाहूं. १९९७ पासून वर्ध्यास महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, आणि दूरदूरच्या प्रांतांतील मुलेंमुली येथें वसतिगृहांत राहतात. आईपासून शेंकडों कोस दूर असलेलें मूल आतां आपल्याच गांवांत आपल्या शेजारीं आहे. देशाचें चित्र मात्र मन विषण्ण करणारें आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणें २०२२ या एका वर्षांत भारतांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आपले प्राण गमावले. त्यांत महाराष्ट्रांतील १,७६४ होते, आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. मीं आयुष्यभर जितके विद्यार्थी शिकविले असतील, त्याहून हा आंकडा कितीतरी मोठा आहे. २०२५ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें या प्रश्नाच्या विचारासाठीं माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय कृतिदल नेमलें, यावरून प्रसंगाचें गांभीर्य कळून येईल.

कांहीं गोष्टी सुधारल्या आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. पूर्वीच्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमान्वयें जिवावर उदार झालेला आणि दैवयोगानें वांचलेला माणूस गुन्हेगार ठरे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें ही दृष्टि पालटली. असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें कायदा गृहीत धरतो आणि त्याची शुश्रूषा करणें हें सरकारचें कर्तव्य ठरवितो. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही घटकेस, विनामूल्य, मराठींतही बोलतां येतें. हा क्रमांक आपल्या घरांतील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, अशी माझी विनंती आहे. मुलगा जेवत नाहीं, झोंपत नाहीं, मित्रांस टाळतो, जगण्यांत अर्थ नाहीं असें बोलतो, अशीं चिन्हें दिसल्यास उपदेश करीत बसूं नये. त्याच्याजवळ बसावें, त्याला सरळ विचारावें आणि डॉक्टरकडे न्यावें. ताप आला असतां आपण जसें लाजत नाहीं, तसेंच येथेंही लाजूं नये.

परंतु कायदा आणि दूरध्वनि यांच्या आधीं घर येतें. गांधीजींनीं जें पत्र एका अनोळखी बापास लिहिलें, तें आज प्रत्येक बापानें आपल्या मुलास लिहावें. त्यांत गुणांची चौकशी नसावी. निकाल कांहीं लागो, तूं घरीं ये. दार उघडें आहे, एवढेंच असावें. मीं स्वतः निवृत्तीपूर्वीं कांहीं वर्षें निकाल मोठ्यानें वाचणें सोडून दिलें होतें. एकेक मुलास जवळ बोलावून त्याचा कागद त्याच्या हातीं देत असें. ती चाल आधींच सोडली असती तर बरें झालें असतें, ही रुखरुख मला अजून आहे.

आज रात्रीं आपलें मूल दूर कोठें वसतिगृहांत अभ्यास करीत असेल, तर हें भाषण संपतांच त्याची विचारपूस करा; आणि जेवलास का, यापलीकडे आज कांहीं विचारूं नका.